बोनकोड्याच्या बायचे हात

बायचा चेहरा मी तीन वर्षांत एकदाही पाहिला नाही. आठवड्यातून तीन दुपारी ती माझ्यासमोर असायची, पण लॅपटॉपच्या पडद्यावर यायचे ते तिचे फक्त हात. मधोमध रुग्णाचं डोकं, आणि त्याच्या मागून, वरून, कधी बाजूने आत शिरणारे दोन हात. मनगटात हिरव्या काचेच्या बांगड्या, त्यांच्यामागे एकेक सोन्याची. डाव्या मनगटावर गोंदणाचे तीन ठिपके. उजव्या तर्जनीच्या टोकाला मासळी कापताना कधीतरी लागलेल्या विळीची पांढरी रेघ. हे हात मी कुठल्याही गर्दीत ओळखले असते.

एकदा डॉक्टर म्हणाल्या, "बाय, जरा खाली वाक. आमच्या लिहिणाऱ्यांना तुझं तोंड तरी दिसू दे."

हात थांबले नाहीत. उत्तर पडद्याच्या वरून आलं. "माझा तोंड बगून काय करायचाय? डोका ह्याचा दुखतंय."

डॉक्टर मेंदूविकाराच्या, आणि त्यातही डोकेदुखीच्या. मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना तासभरही सरळ बसून प्रवास करवेना, म्हणून त्यांनी बाह्यरुग्ण विभाग सोडला आणि नवी मुंबईत सीवूड्सच्या अकराव्या मजल्यावरच्या घरात राहू लागल्या. बाय त्याच विभागात आया होती. ती आधीच निवृत्त होऊन नवी मुंबईतल्याच आपल्या गावी, बोनकोड्याला, घरी बसली होती. डॉक्टर आता येणार नाहीत हे कळल्यावर तिने फोन केला. "तुमी येव शकत नाय, तर फोनान या ना. मानसा मी जमवतंय."

आणि तिने जमवली. घराच्या तळमजल्यावर तिची एक खोली होती, एका बाजूला मोबाइलचं दुकान आणि दुसऱ्या बाजूला पोळीभाजी केंद्र. भाडेकरू सोडून गेल्यावर तिने ती दुसऱ्याला दिली नाही. आत एक खुर्ची, एक टेबल, फोन अडकवायची दांडी, रक्तदाबाचं यंत्र, साखर तपासायचं यंत्र, थर्मामीटर आणि टॉर्च. नव्या रुग्णाला घरबसल्या स्वतःच्या फोनवरून बघायला डॉक्टर तयार नसत. पहिल्या वेळी तरी त्याने बायच्या खुर्चीत बसलं पाहिजे, हा नियम. "डोळे माझे, हात बायचे," असं त्या प्रत्येकाला सांगत.

माझं काम तिसरं होतं. वर्तमानपत्राच्या डेस्कवर तीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त करून मी निवृत्त झालो होतो. शेजारच्याच इमारतीत राहत असल्याने अर्धशिशीसाठी थेट डॉक्टरांच्या घरी गेलो, आणि औषधाबरोबर काम घेऊन परत आलो. त्यांना रुग्णाचे शब्द टिपणारा माणूस हवा होता. डोकेदुखी यंत्रात क्वचित दिसते, क्रियापदात दिसते, असं त्यांचं ठाम मत. ठणकतं म्हणणाऱ्याचं दुखणं वेगळं, आवळतं म्हणणाऱ्याचं वेगळं, चमक मारते म्हणणाऱ्याचं आणखी वेगळं. तपासणी व्हिडिओवर असल्यामुळे शब्दाचं वजन आणखी वाढलं होतं. इथे लिहिणारे एक गृहस्थ बसले आहेत, चालेल ना, असं रुग्णाला आधी विचारलं जाई. मग मी डॉक्टरांच्या शेजारी, अर्धा पडद्यात, अर्धा बाहेर, ऐकलेलं टाइप करत असे.

त्या दुपारी संथ कधीच नसत. रबाळ्याच्या कारखान्यांतली पहिली पाळी सुटली की बायच्या दारात चपलांचा ढीग लागे. कोणी म्हणे, डोक्यात कुकरची शिट्टी होते. कोणी म्हणे, एका डोळ्यामागे कोणीतरी खिळा ठोकतंय. असा नेमका शब्द आला की डॉक्टर टेबलावर थाप मारत, चहाचा कप उडे, आणि त्या माझ्याकडे वळून ओरडत, "लिहिलंत? तसंच्या तसं लिहा!" पासष्ट वर्षांची बाई मणक्याचं दुखणं विसरून खुर्चीत उसळत असे. त्या खोलीत बसलेल्या माणसाला आपण एखाद्या मोठ्या बातमीच्या मागावर आहोत असं वाटे. डेस्कवर इतक्या वर्षांत मला ते क्वचितच वाटलं होतं.

एक गोंधळ कायमचा होता. कॉल संपवताना डॉक्टर सवयीने "बाय!" म्हणत, आणि पलीकडून लगेच आवाज येई, "हा, बोला." डॉक्टर म्हणत, "अगं, तुला नाही, कॉलला." बाय म्हणे, "मंग कॉलचा नाव बदला. माझा आजानं ठेवलाय." शेवटी डॉक्टर "येते" म्हणू लागल्या. आमचा दवाखाना बहुधा एकटाच असेल, जिथे व्हिडिओ कॉल "येते" म्हणून बंद होत असे.

बायची पहिली तपासणी रक्तदाबाची नसे, खिशाची असे. डोकेदुखीच्या गोळ्या रोज खाल्ल्यानेही डोकं दुखतं, हे डॉक्टर विभागात रुग्णांना नेहमी समजावून सांगत, आणि तिने ते पक्कं धरलं होतं. "खिसा खाली कर," ती म्हणायची. कोपरखैरण्याच्या टॉवरमधून एक बँकेतल्या बाई आल्या होत्या. त्या डॉक्टरांना सांगत होत्या, "पेनकिलर ना? अगदी कधीतरी. महिन्यातून एखादी." बोलणं चालू असताना त्यांच्या मागून बायचा हात वर आला. हातात पत्त्यांसारख्या पसरलेल्या चार रिकाम्या पट्ट्या होत्या. मग दुसरा हात आला. त्यात दोन. बँकेतल्या बाईंना पडद्यावरच्या छोट्या चौकटीत स्वतःमागे हे दिसलं आणि त्या स्वतःच हसत सुटल्या. "मावशी, पर्समध्ये हात घातलात तुम्ही?" बाय म्हणाली, "तूच बोल्लीस पर्स धरा म्हून. मी उलटी धरली."

पण घाई कुठे करायची हेही तिला कळत होतं. एका दुपारी कॉल जोडला तर खुर्ची रिकामी. डॉक्टरांनी विचारलं, "पहिला पेशंट कुठेय?" हात पुढे आले आणि टेबलावर पालथे टेकले. "आलता. ताप हाय, हनुवटी छातीला लागत नाय. मी त्याला रिक्षान घालून हास्पिटलात धाडला. तुमी आता तिथं फोन करा, आनि सांगा मानूस येतंय म्हून." डॉक्टरांनी फोन केला. मेंदूज्वर निघाला, पण माणूस वाचला. त्या तपासणीची नोंद माझ्याकडे नाही, कारण तपासणी झालीच नव्हती.

माझ्याबद्दल तिची एकच तक्रार होती. तपासणीनंतर चिठ्ठी तिच्या फोनवर जाई आणि ती रुग्णाला मोठ्याने वाचून दाखवी. वरच्या ओळीत 'रुग्णाचे शब्द' असत. ते मी टिपलेले. टिपताना बोटं सवयीने चालत. पानीचं पाणी होई, कोनचं कोण, डोलेचं डोळे. "पेपरवाले भाऊ," ती म्हणाली होती, "मानूस बोनकोड्याचा, आनि तुमच्या कागदावर बोलतंय टीव्हीवर बातम्या देनाऱ्या बायसारा. जसा बोल्ला तसा लिवा ना."

मी तिला सांगितलं की अर्थ बदलत नाही, फक्त शुद्धलेखन होतं. डॉक्टर मूळच्या साताऱ्याकडच्या. इथल्या बोलीची त्यांना सवय नव्हती, म्हणून त्यांनाही मी नियम समजावून दिला होता. गावातला माणूस 'न' म्हणाला की आपण 'ण' समजायचं. त्यांनी तो पाठ केला होता.

रमाकांत आला तेव्हा हा नियम आम्हा दोघांनाही चांगला येत होता.

रमाकांत बोनकोड्याचाच. चाळिशीचा, रबाळ्यातल्या एका कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवणारा. दोन महिन्यांपासून डोकं दुखत होतं. डॉक्टरांनी विचारलं, कसं दुखतं. तो म्हणाला, "आवलतंय. पट्टा बांदल्यासारा." आणखी काय होतं? "तान जाम हाय. रातचा झोप नाय, चार-पाच येला उठतंय. कामावर पन लक्ष नाय म्हंतान सायेब. दोनदा गाडी घासली रॅकला. मेमो दिलाय. तिसऱ्यांदा घासली तर घरी बस म्हंतान."

डॉक्टरांनी टेबलावर थाप मारली. "बघा! सगळे टेन्शन म्हणतात. हा पहिला माणूस, ताण म्हणाला!" त्यांना मनापासून आनंद झाला होता. मी टाइप केलं: 'डोके आवळते. ताण खूप आहे. झोप लागत नाही. कामात लक्ष नाही.' चार स्वच्छ वाक्यं. त्यांतून एकच गोष्ट निघत होती. नोकरीच्या काळजीने दुखणारं डोकं. बायने रक्तदाब सांगितला, तो ठीक होता. डॉक्टरांनी सौम्य औषध दिलं, मानेचे व्यायाम दाखवले, झोपेबद्दल सांगितलं आणि तीन आठवड्यांनी बोलावलं. त्या दिवशी दारात बावीस जण होते; रमाकांत बोलत होता तेव्हा बाय बाहेर रांग लावत होती. चिठ्ठी बायने वाचून दाखवली नाही, त्याच्या फोनवर पाठवून दिली.

तीन आठवड्यांनी तो पुन्हा खुर्चीत बसला. चेहरा उतरलेला. डॉक्टरांनी विचारलं, "काय रमाकांत, ताण कमी झाला का?"

"तान?" तो म्हणाला. "नाय वो. वाडलीय. जाम वाडलीय."

मी 'ताण वाढली आहे' असं टाइप केलं. बोटं लगेच मागे गेली. ताण पुल्लिंगी. 'वाढली' खोडून 'वाढला' केलं.

त्याच क्षणी पडद्यात बायचा हात आला. हातात दोन लिटरची रिकामी बाटली होती. ती तिने कॅमेऱ्यासमोर आणून हलवली.

"डॉक्टर, तुमी ताण काय म्हंताव? त्याला कसला ताण? तान, तान! ही भरलेली बाटली मी हितं ठेवलेली. तुमचा फोन लागंपरत ह्यानं संपवली. रातचा उठतंय तो मुतायला उठतंय. कागदावर कोनी लिवलाय झोप लागत नाय म्हून?"

आमच्या खोलीत डॉक्टरांची खुर्ची मागे भिंतीवर आपटली. त्या उभ्या राहिल्या होत्या.

"बाय, साखर बघ. आत्ता."

हातांनी रमाकांतचं बोट धरलं, टोचलं, पट्टीवर थेंब घेतला. यंत्राचा आकडा कॅमेऱ्यासमोर आला. अगदी सामान्य होता. मला वाटलं, बरं झालं. डॉक्टरांना तसं वाटलं नव्हतं. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "साखर ठीक, आणि तहान इतकी. आणि डोकं. आणि गाडी घासते." मग त्यांनी विचारलं, "रमाकांत, गाडी कुठल्या बाजूनं घासली?"

"एकदा डाव्या. एकदा उजव्या."

"समोर कधी?"

"समोर नाय. समोरचा बरोबर दिसतंय ना."

"माझ्या नाकाकडे बघा. पडद्यावर माझं नाक आहे, तिथून नजर हलवायची नाही. बाय, तू मागे उभी राहा. दोन्ही हात बाजूंना लांब कर. बोटं हलवत हलवत हळूहळू पुढे आण. रमाकांत, बोट हललेलं दिसलं की हां म्हणा."

बायने एक गोष्ट केली, जी तिला कोणी सांगितली नव्हती. तिने दोन्ही हातांतल्या बांगड्या कोपराकडे वर सारून घट्ट बसवल्या. आवाज झाला तर तो डोळ्यांऐवजी कानांनी सांगेल. मग ते हात त्याच्या खांद्यांच्या दोन्ही बाजूंना पसरले आणि बोटं हलू लागली.

हात त्याच्या कानांच्या रेषेत आले. रमाकांत नाकाकडे बघत होता. हात पुढे सरकले, गालांच्या रेषेत आले. इथे माझ्यासारख्या माणसालाही ते दिसले असते. रमाकांत गप्प. तो आज्ञाधारकपणे बघत होता, आणि दोन्ही बाजूंना दहा बोटं हलत होती, आणि त्याला त्यातलं एकही दिसत नव्हतं. हात समोर आले, आत वळले, जवळजवळ त्याच्या डोळ्यांपुढे पोहोचले, तेव्हा तो म्हणाला, "हां."

नंतर त्याने विचारलं, "सुरू कदी केलाव?"

डॉक्टर खाली बसल्या आणि त्याला समजेल असं बोलल्या. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. अंगातलं पाणी तिच्या हुकमात असतं, आणि डोळ्यांच्या नसा तिच्या वरून जातात. तिथे काहीतरी वाढतंय असा त्यांना संशय आहे. तो खरा असेल तर नसा दबतायत. लवकर मोकळ्या केल्या तर नजर परत येऊ शकते. उशीर केला तर नाही. "तुमचं लक्ष नव्हतं असं नाही, रमाकांत. तुम्हाला दिसत नव्हतं. आजपासून गाडीला हात लावायचा नाही. आणि आत्ता, इथून उठून, सरळ हॉस्पिटलला जायचं. मी फोन करते."

बायने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. "मी जातंय त्याच्यासंगं," ती म्हणाली. त्या दिवशी पुढच्या सगळ्या रुग्णांना दुसरी वेळ दिली गेली.

संशय खरा ठरला. आठवड्याच्या आत नाकावाटे शस्त्रक्रिया झाली.

ती व्हायच्या आधी मी डॉक्टरांना सांगितलं की हे काम मी सोडतो. त्या म्हणाल्या, "चूक तुमची एकट्याची नाही. मी पण ऐकलं होतं, आणि खूश झाले होते." नियम माहीत नसता तर आमच्यापैकी कोणीतरी विचारलं असतं की तान म्हणजे काय. नियम माहीत होता म्हणून विचारलं नाही. तरी मी सोडण्यावर ठाम होतो. डॉक्टरांनी वाद घातला नाही. फोन लावला आणि लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. पडद्यावर रिकामी खुर्ची आणि तिच्या पाठीवर टेकलेले दोन हात.

"सोडून जातंस?" बाय म्हणाली. तोवर ती मला तुमी म्हणत असे. "जा. मंग नवीन मानूस येल. तो पन शिकलेला आसल. तो पन सुदरवत बसल. परत एक रमाकांत व्हयल, तवा त्याला अक्कल येल. तुला तर आलीय ना आता? मंग बस गप, आनि लिव."

मी राहिलो. त्या दिवसापासून चिठ्ठीच्या वरच्या ओळीत जे ऐकू येतं ते लिहिलं जातं. पानी ते पानी. डोले ते डोले. अर्थाबद्दल शंका असली की पुढे प्रश्नचिन्ह, आणि ते काढायचा अधिकार फक्त बायचा. पहिल्या महिन्यात तिने माझी इतकी प्रश्नचिन्हं काढली की डॉक्टर म्हणाल्या, "तीस वर्षं डेस्कवर बसून तुम्ही मराठीच शिकत होतात ना?"

शस्त्रक्रियेनंतरची तपासणी रमाकांतने बायच्या खुर्चीतच करून घेतली. डॉक्टरांनी नाकाकडे बघायला सांगितलं. बांगड्या वर सरल्या, हात पसरले. ते खांद्यांच्या थोडे पुढे आले असतील नसतील, रमाकांत ओरडला, "हां! दोनी! दोनी हाताची!" डॉक्टरांनी टेबलावर अशी थाप मारली की या वेळी कप खरंच फुटला. बायच्या उजव्या हाताने रमाकांतच्या पाठीत एक धपाटा घातला. "बोंबलतंस काय? डोल्यान टाका नाय, नाकात हाय." मग तोच हात पडद्याच्या वर गेला आणि बराच वेळ खाली आला नाही. वरून नाक ओढल्याचा आवाज आला.

या वर्षीच्या एका बुधवारी कॉल लागला नाही. दुसऱ्यांदा लावला, तिसऱ्यांदा लावला. अर्ध्या तासाने रमाकांतचा फोन आला. बाय दुपारी खोली झाडून, खुर्ची पुसून घरात गेली, आणि पाच मिनिटं पडते म्हणून आडवी झाली ती उठली नाही. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. मग सवयीने, कॉल संपवताना म्हणायचं ते त्या म्हणाल्या. "येते." त्यांच्या लक्षात आलं तेव्हा फोन बंद झाला होता.

चौथ्या दिवशी मी बोनकोड्याला गेलो. तीन वर्षांत पहिल्यांदाच. मोबाइलचं दुकान, पोळीभाजी केंद्र, मधली खोली. दार उघडं होतं. खुर्चीवर तिचा फोटो, त्याला हार. फोनची दांडी बाजूला केलेली. मी फोटोसमोर उभा राहिलो. गोल चेहरा, बारीक डोळे, कपाळावर मोठं कुंकू. या बाईला मी ओळखत नव्हतो. फोटो खांद्यांपर्यंतच होता. त्यात हात नव्हते.

रमाकांत भिंतीजवळ कोणाशी तरी बोलत बसला होता. मी त्याच्या उजव्या बाजूला, जवळजवळ खांद्यामागे उभा होतो. त्याने मान वळवली नाही. समोर बघतच म्हणाला, "पेपरवाले भाऊ ना? या." तो उठला, कोपऱ्यातल्या माठातून पेला भरून घेतला आणि माझ्यापुढे धरला.

"उनातून आलाव," तो म्हणाला. "तान लागली आसल."

"लागलीय," मी म्हणालो.